साहेबांची टाकी आणि हिरवी नळी

…आणि घरी येणारा प्रत्येक जण मलाच विचारायचा, "अहो, मासा कुठं आहे?" मासा नाहीच, तर दाखवू कुठून! टाकी होती, टाकीत पाणी होतं, पाण्याखाली वाळू होती, वाळूत रोपं होती, कोपऱ्यात फिल्टर बुडबुड करत होता, वरून दिव्याचा उजेड पडत होता आणि समोर खुर्ची टाकून मी बसलो होतो. एवढा सगळा थाट, आणि मासा नाही. सभागृह सजवावं, खुर्च्या मांडाव्यात, माइक टकटक करून बघावा आणि भाषण करणाऱ्याचाच पत्ता नसावा, तशी गत.

तुम्हाला सांगतो, मासा नव्हता असंही नाही. मासा होता. बाथरूममध्ये होता. कपडे भिजवायच्या टबात.

थांबा, पहिल्यापासून सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल या माणसाच्या घरी मासे आंघोळीला येतात.

मासा माझ्या मुलीचा. सोनेरी मासा. कॉलेजात असताना तिला मैत्रिणीनं दिला तेव्हा करंगळीएवढा होता, आता माझ्या तळहातात मावत नाही. मोठं डोकं, पुढं आलेलं पोट, आणि वळतो असा ऐटीत, की बघणाऱ्याला वाटावं आपलंच काहीतरी काम याच्या सहीसाठी अडलंय. म्हणून त्याचं नाव साहेब. साहेब आधी काचेच्या वाडग्यात होते, मग मोठ्या बरणीत, मग बरणीतही वळता येईना म्हणून टबात. सकाळी आंघोळीला जावं, तर साहेब वर येऊन तोंडाची उघडझाप करत आपल्याकडे बघतायत. आमची ही तर टबावर टॉवेल पसरल्याशिवाय नळ सोडायची नाही.

तर मुलीला नोकरी लागली. लांब. विमानानं जावं लागतं एवढी लांब. तिथं मासा नेता येत नाही. मग साहेबांचं काय? उमेदवार दोघं. एक मी, आणि दुसरा माझा मेहुणा, म्हणजे मुलीचा मामा. मामा दातांचा डॉक्टर. त्याच्या दवाखान्यात, जिथं पेशंट गाल धरून बसलेले असतात, तिथं भिंतभर टाकी आहे. ती साफ करायला माणसं येतात, माशांना खायला घालायला माणसं येतात, मामा फक्त टाकीच्या बाजूला उभा राहून हसतो. आणि हसतो कसा, तर दुकानाची पाटी दाखवल्यासारखा. म्हणाला, माझ्याकडे पाठवा, माझ्याकडे सगळी व्यवस्था आहे.

आता तुम्ही म्हणाल, मग जाऊ द्या की मासा मामाकडे. माशाचं ते काय एवढं! अहो, माशाचं नाही, फोनचं! ही पोरगी कुठं सहलीला गेली की पोचल्याचा फोन करायला विसरते. आम्ही दोघं फोन टेबलावर ठेवून त्याच्याकडे बघत बसतो. पण साहेबांना खायला घातलं का हे विचारायला तिनं मैत्रिणीच्या लग्नातून, मागं बँड वाजत असताना, फोन केलेला आहे. म्हणजे सगळं सरळ होतं. साहेब ज्याच्या घरी, फोन त्याच्या घरी. मासा दवाखान्यात गेला की पोरीचा रोजचा आवाजही दवाखान्यात जाणार, आणि आम्ही दोघं इथं एकमेकांना विचारणार, 'भाजीत मीठ जास्त झालंय का?' हे मी कुणाला बोललो नाही. मी गुपचूप जाऊन टाकी घेऊन आलो.

पोरीनं टाकीभोवती एक फेरी मारली आणि अट घातली. आईवर गेलीय ती. आई शाळेत गणित शिकवते, त्यामुळे आमच्या घरात प्रेमसुद्धा 'जर' आणि 'तर' लावूनच होतं. म्हणाली, "बाबा, पाण्यात अमोनिया शून्य पाहिजे. एकदा नाही, मी जाईपर्यंत रोज. नाहीतर साहेब मामाकडे."

अमोनिया! तोपर्यंत माझी समजूत अशी, की माशाला पाणी लागतं, थोडं खायला लागतं, झालं. पण तो टाकीवाला, म्हणजे ज्याच्या दुकानातून मी टाकी आणली तो, विचित्र माणूस, मासा मागायला गेलेल्या गिऱ्हाइकाला आधी घरी पाठवतो, त्यानं मला स्टुलावर बसवून सगळं समजावून सांगितलं. मासा खातो, मग घाण करतो, त्या घाणीचा पाण्यात अमोनिया होतो. तो डोळ्यांना दिसत नाही, पण माशाचे कल्ले त्यात भाजून निघतात. मग उपाय? उपाय जंतू. चांगले जंतू. ते फिल्टरच्या स्पंजात बिऱ्हाड करतात आणि अमोनिया खाऊन टाकतात. पण ते लगेच येत नाहीत, त्यांच्यासाठी टाकी मुरू द्यावी लागते. मी विचारलं, मासा नाही तर अमोनिया नाही, अमोनिया नाही तर हे जंतू खाणार काय? तर म्हणाला, तुम्ही घाला की खायला!

म्हणजे काय, तर ज्या टाकीत मासा नाही तिच्यात मी रोज सकाळी चिमूटभर माशाचं खाणं टाकायचं, ते कुजणार, त्याचा अमोनिया होणार, आणि तो खायला जंतू जमणार. मी टाकत होतो, आमची ही चहाचा कप हातात धरून दारात उभी राहून बघत होती. म्हणाली, "मी जेवले का हे कधी विचारलं नाहीत. आणि जे दिसतसुद्धा नाहीत त्यांना वेळेवर वाढताय."

आणि मोजायला ती नळी. बोटाएवढी काचेची नळी. टाकीतलं पाणी रेघेपर्यंत भरायचं, एका बाटलीतले थेंब, मग दुसऱ्या बाटलीतले थेंब, टोपण लावून हलवायचं, थांबायचं, आणि रंगांच्या पट्टीशेजारी धरून बघायचं. पिवळी आली तर अमोनिया नाही. हिरवी आली तर आहे. आणि हे काम, तुम्हाला सांगतो, माझ्या हाडीमाशी खिळलेलं. कारण माझी नोकरीच ती! मी वजनकाटे तपासतो. बाजारात जायचं, दुकानदाराच्या काट्यावर आपलं सरकारी वजन ठेवायचं आणि काटा खरं बोलतो की नाही ते बघायचं. पारड्याच्या बुडाला चिकटवलेलं चुंबक मी नुसता दुकानदाराच्या कपाळावरचा घाम बघून ओळखलंय. मोजमापात मला फसवणारा अजून जन्माला यायचाय, असं मी त्या काळात म्हणत असे. आता म्हणत नाही.

आधी नळी हिरवी आली. येणारच, ठरल्याप्रमाणे होतं ते. मग गडद हिरवी. मग पुष्कळ दिवस काहीच फरक नाही. आणि मग एके दिवशी फिकट, आणि मग… पिवळी! लख्ख पिवळी! मी ती नळी घेऊन घरभर फिरलो. हिला दाखवली, पोरीला दाखवली, जिन्यात पोस्टमन भेटला त्यालाही दाखवली. तो बिचारा दोन पावलं मागं सरकून म्हणाला, "साहेब, हे डॉक्टरांना दाखवा."

टाकी मुरली होती. पोरगी म्हणाली, आता अशीच राहिली तर मी जायच्या आधी साहेबांना सोडू. मी मनात म्हटलं, फोन आला आपल्या घरी!

आणि त्याच आठवड्यात सासरे आले, नातीला निरोप द्यायला. त्यांना सगळे अप्पा म्हणतात. अप्पांचं आयुष्यभर चष्म्याचं दुकान होतं. ते आता बंद झालंय, पण हात बंद व्हायला तयार नाहीत. काच दिसली की पुसायची. सदऱ्याच्या एका खिशात मऊ पिवळं फडकं आणि दुसऱ्या खिशात फवारा मारायची छोटी बाटली, त्यात त्यांनी स्वतः तयार केलेलं काच पुसायचं पाणी. फुस, फुस, आणि पुसलं. आले त्या दिवशी 'कसे आहात' म्हणायच्या आधी त्यांनी माझ्या नाकावरचा चष्मा काढून घेतला. मी दारातच चाचपडत उभा. परत लावला तर भिंतीवरचे ओघळसुद्धा दिसायला लागले, जे मला कधी दिसले नव्हते आणि दिसले नसते तरी चाललं असतं. मग आरसे झाले, फोटोंच्या काचा झाल्या, घड्याळ झालं, खिडक्या तर अशा झाल्या की पाखरांना काच आहे हेच कळेना, बिचारी येऊन आपटायला लागली. मला कौतुक वाटायचं. ऐंशीचा माणूस, एक मिनिट रिकामा बसत नाही!

हे आपलं सहज ओघात आलं. मुद्दा निराळाच आहे. मुद्दा असा, की त्यानंतर एके संध्याकाळी मी ऑफिसातून आलो, हातपाय धुतले, नळी भरली, थेंब टाकले, हलवली, थांबलो, पट्टीशेजारी धरली… आणि नळी हिरवी.

म्हटलं, उजेड बरोबर नसेल. बाल्कनीत नेली. हिरवी. पोरगी मागं येऊन उभी राहिली होती, ती नुसती बघून आत गेली.

मग माझा तपास सुरू झाला. एका रोपाचं पान कुजलं होतं. काढलं. नळी हिरवी. अर्धं पाणी बदललं. नळी हिरवी. सकाळचं चिमूटभर खाणं बंद केलं, म्हटलं अमोनिया तयारच होऊ द्यायचा नाही. नळी हिरवी. हिला म्हटलं, तू फरशी पुसायला जे औषध वापरतेस त्याची वाफ टाकीत जात असणार, फरशी पुसायची बंद कर. तिनं ती इतक्या आनंदानं बंद केली, की मला हे आधी सुचलं नाही याचंच तिला वाईट वाटलं. नळी हिरवी! वरच्या मजल्यावर रंगकाम चाललं होतं. मी वर जाऊन त्यांच्या भिंतींचा वास घेऊन आलो. त्या लोकांनी नंतर हिला खाली भेटून विचारलं, सगळं ठीक आहे ना म्हणून. टाकीवाल्याला फोन केला, म्हणाला धीर धरा. पुन्हा केला, म्हणाला पाणी बदला. पुन्हा केला, तर उचललाच नाही. पाणी बघावं तर काचेसारखं, तळाची वाळू मोजून घ्यावी असं. आणि नळी हिरवी.

इकडे पोरीच्या बॅगा भरायला लागल्या. बॅगेत एकेक कपडा जायचा आणि मी उठून पट्टीवरचा पिवळा रंग बघून यायचो. मामा येऊन गेला. येताना झाकणाची मोठी बादली घेऊन आला आणि दाराशी ठेवून गेला, म्हणाला, आयत्या वेळी धावपळ नको. टाकीत वाकून बघितलं आणि म्हणाला, "भाऊजी, कीड लागली की वरवर घासून उपयोग नसतो." हसला. सगळे दात दिसले. ती बादली मला येता-जाता आडवी यायची.

शेवटी आमच्या हिनं डोकं चालवलं. गणितच ते. म्हणाली, टाकीच्या पाण्यात काय आहे ते बघायचं तर आधी ज्यात काही नाही असं पाणी तपासून बघा ना. पटलं. पिण्याचं पाणी घेतलं, नळीत भरलं, थेंब टाकले… हिरवी! माझ्या पायाखालची जमीन सरकली. म्हणजे आपण हे पितोय? दुसऱ्या संध्याकाळी उकळून थंड केलेलं घेतलं. हिरवी. तिसऱ्या संध्याकाळी शेजारणीकडून वाटीभर आणलं. हिरवी. चौथ्या संध्याकाळी दुकानातून सीलबंद बाटली आणली, सील स्वतः फोडलं, हिरवी! आता तुम्हीच सांगा, कुठल्याही विचारी माणसानं यातून काय निष्कर्ष काढावा? मी काढला. अख्ख्या गावाचं पाणी बिघडलंय, बाटल्यांत तेच भरतायत, आणि हे फक्त एका माणसाच्या लक्षात आलेलं आहे. मी घरात सगळ्यांना पाणी प्यायला बंदी केली. अप्पा तेवढ्यात भांडंभर पिऊन मोकळे झाले, आणि ओठ पुसत म्हणाले, "गोड आहे."

दुसऱ्या दिवशी मी अर्धी रजा टाकली आणि पाण्याची बाटली घेऊन थेट पाणीपुरवठ्याच्या प्रयोगशाळेत गेलो. तिथल्या बाई भल्या. त्यांनी माझ्यासमोर पाणी तपासलं आणि म्हणाल्या, अमोनिया अजिबात नाही. मी म्हटलं, बाई, तुमचं म्हणणं तुमच्याजवळ, आधी तुमची उपकरणं तपासलेली आहेत का ते दाखवा. रागावल्या नाहीत. मला आत नेलं आणि रसायनं तोलायचा काटा दाखवला. काट्यावर शिक्का होता. आमच्याच खात्याचा. खाली सही होती. माझी.

मग त्या अगदी सहज म्हणाल्या, "तुमची नळी तपासलीत का कुठं?"

माझी नळी! मला विचारतात, मोजायचं साधन तपासलं का! मी नुसता नमस्कार केला आणि बाहेर पडलो. रस्ताभर पुटपुटत होतो. म्हटलं, जन्म गेला माझा काटे तपासण्यात आणि… असं करत करत भर दुपारी घरी पोचलो. या वेळेला मी एरवी कधी घरी नसतो. हे लक्षात ठेवा, कारण घरच्यांनीही ते लक्षात ठेवलेलं होतं.

दार उघडून आत आलो, तर अप्पा खिडकीपाशी स्टुलावर बसलेले. हातात माझी नळी. एका बारीक काडीला पिवळं फडकं गुंडाळलेलं. नळीच्या तोंडाला बाटली लावली, आत फुस केलं, काडी घातली, गोल गोल फिरवली, काढली, नळी उजेडात धरली, एक डोळा मिटून तिच्यातून आरपार बघितलं. मग पुन्हा फुस. असं मन लावून, की मी बूट घालून आत आलोय हेही कळलं नाही.

मी म्हटलं, "अप्पा, काय करताय?"

"नळी पुसतोय तुमची. रंग बघायची वस्तू आहे, काचेवर डाग असून कसं चालेल?"

"रोज पुसता?"

"आल्यापासून. तुम्ही ऑफिसात असता, दुपारचं जेवण झालं की पहिलं काम हेच."

मी म्हटलं, "त्या बाटलीत काय असतं?"

अप्पा खुलले. चाळीस वर्षांत हे त्यांना कुणी विचारलं नव्हतं. स्पिरिट किती, पाणी कसं घ्यायचं, गाळायचं कशातून, सगळं सांगितलं, आणि मग आवाज खाली आणून म्हणाले, "आणि थोडा अमोनिया. दुसरे चष्मेवाले घालत नाहीत. पण त्याशिवाय तेलकटपणा जात नाही."

तुम्हाला सांगतो, मी खाली बसलो. खाली म्हणजे दाराशी ठेवलेल्या मामाच्या बादलीवर. आता मला सगळं दिसायला लागलं, अप्पांनी चष्मा पुसून दिल्यावर दिसतं तसं. आधी मी नळी वापरायच्या अगोदर विसळून घ्यायचो. अप्पा आल्यापासून ती जागेवर अशी चकचकीत असायची की विसळायचं मनातच यायचं नाही. कुठल्याही दुकानात गेलो की मी पहिलं काय करतो? रिकामं पारडं पुसतो. बघतो, काहीही न ठेवता काटा शून्यावर आहे का. हजारो दुकानदारांची पारडी पुसली. आणि स्वतःच्या घरात? पारडं चमकतंय ना, मग झालं!

मग मी अप्पांना जरा जपूनच समजावून सांगितलं. म्हटलं, वाईट वाटायला नको माणसाला. अप्पांनी शांतपणे ऐकलं. विचार केला. म्हणाले, "म्हणजे नळी हिरवी झाली ती अमोनियानं."

"हो."

"आणि नळीत अमोनिया होता."

"होता, पण तो टाकीतला नव्हता, अप्पा."

"कुठला का असेना. होता तो दाखवला ना? मग नळी उत्तम आहे तुमची. जपून वापरा." आणि फडक्याची घडी घालून खिशात ठेवली. वाईटबिईट काही वाटलं नव्हतं. उलट माझ्या नळीला त्यांनी पास केलं होतं.

पोरीच्या निघायच्या आदल्या दिवशी सगळ्यांसमोर तपासणी झाली. मामा आला होता, बादली न्यायलाच आला होता, साहेबांसकट. पोरगी हाताची घडी घालून उभी, ही चष्मा लावून उभी, अप्पांना सांगितलं होतं की दोन्ही हात खिशाबाहेर ठेवा. मी नळी नळाखाली धुतली, टाकीच्या पाण्यानं विसळली, पुन्हा विसळली, भरली, थेंब टाकले. थांबायचा वेळ असा जाईना, की मामानं तेवढ्यात हिच्या दाढा तपासून घेतल्या. मग मी नळी पट्टीशेजारी धरली.

पिवळी.

पोरीनं माझ्या हातातून ती घेतली, स्वतः बाल्कनीत जाऊन बघितली आणि परत येऊन फक्त म्हणाली, "चला, साहेब." आम्ही टब धरून आणला. आधी साहेबांना पाण्याच्या पिशवीत घालून टाकीत तरंगत ठेवलं, मग हळूच सोडलं. साहेबांनी एक पूर्ण फेरी मारली, सगळी टाकी पाहून घेतली, आणि वाळूत तोंड घालून माझं एक रोप उपटलं. टाकी मंजूर झाली म्हणायची! मामा म्हणाला, "भाऊजी, मानलं तुम्हाला," आणि रिकामी बादली घेऊन गेला. पायरीवर ती आपटली, त्याचा आवाज मला फार गोड वाटला.

पोरगी गेली. आणि दुसऱ्या दिवसापासून फोन! रोज संध्याकाळी! मी म्हटलं नव्हतं? आता फोन येतो म्हणजे काय होतं, तर ती म्हणते, "बाबा, साहेबांना दाखवा." मग मी फोन टाकीसमोर धरून उभा राहतो. ती साहेबांशी बोलते, साहेब तिच्याकडे बघून बुडबुडे सोडतात, आणि मला फोनची पाठ दिसते. हात भरून येतो. पण आवाज येतो हो… आवाज आमच्या घरात येतो. ही स्वयंपाकघरातून हात पुसत पुसत येऊन माझ्या शेजारी उभी राहते आणि आम्ही दोघं मिळून फोनची पाठ बघतो.

सगळं छान चाललं होतं. आणि परवा मी नळी धुतली, विसळली, भरली, थेंब टाकले, हलवली, थांबलो…

हिरवी.

खरी हिरवी, बरं का! माझ्या लगेच लक्षात आलं काय झालं ते. त्या सगळ्या घोळात मी सकाळचं खाणं बंद केलं होतं, पाण्यावर पाणी बदललं होतं. जंतू बिचारे उपाशी राहून निम्मे राहिले असणार, आणि त्यांच्या पानात आता अचानक साहेबांएवढा मोठा मासा वाढला. त्यांना तो संपेना! आता जंतू पुन्हा वाढेपर्यंत साहेबांना कमी खायला घालायचं आणि रोज थोडं थोडं पाणी बदलायचं, एवढाच मार्ग. नाहीतर? नाहीतर साहेबांचं काही बरंवाईट झालं, तर रोज संध्याकाळी फोन टाकीसमोर धरून मी त्या पोरीला दाखवू काय?

मी हिला हाक मारली. म्हटलं, नळी हिरवी आलीय. तर ही मागं न बघता म्हणते, "अप्पा, पुसलीत ना नळी?" अप्पा म्हणाले, हात लावला नाही. ही म्हणाली, ते असंच म्हणणार. मी म्हटलं, अगं मी स्वतः धुतली, साहेब बघ कसे पाण्याच्या वर वर येऊन तोंड काढतायत. म्हणाली, तुम्ही समोर बसलात की ते नेहमीच येतात. टाकीवाल्याला फोन केला, त्यानं लगेच उचलला, कारण आधीचा किस्सा मी त्याला सांगितलाय आणि तो आता प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगतो. म्हणाला, आधी नळी धुवा. मामाचा स्वतःहून फोन आला, हिनं कळवलं असणार. इतका हसला, की मागं कुणीतरी पेशंट तोंड उघडं ठेवून वाट बघत असणार, त्याची मला दया आली. आणि पोरगी! तिला सांगितलं, तर म्हणते, "बाबा, आजोबांची बाटली लपवून ठेवा ना." आणि खो खो हसत सुटली.

मी एकटाच बादल्या भरतोय. पाणी बदललं की साहेब जरा खाली जातात, हिंडायला लागतात, दुसऱ्या दिवशी पुन्हा वर. नळी पुन्हा हिरवी. मी सांगतोय, आणि घरात सगळे माझ्याकडे कसे बघतात, तर खोट्या काट्याच्या दुकानदाराकडे मी बघतो तसे.

काल मी नळी हातात धरून असाच उभा होतो. अप्पा स्टुलावरून उठले, जवळ आले, नळी माझ्या हातून घेतली आणि खिडकीत धरली. एक डोळा मिटला. बराच वेळ बघितलं.

"हिरवी आहे," म्हणाले. "आणि मी तर शिवलेलो नाही. म्हणजे हा टाकीतलाच. तुमचं बरोबर आहे, जावईबापू."

काय सांगू तुम्हाला! एवढ्या मोठ्या घरात, एवढ्या सगळ्या नातेवाइकांत, अखेर एक माणूस निघाला माझ्या नळीवर विश्वास ठेवणारा! मी म्हटलं, अप्पा, तुम्ही हे हिला सांगा, पोरीला सांगा, तुमचं ऐकतील. अप्पा म्हणाले, सांगतो ना. पण सांगायचं तर नक्की सांगायला हवं. हिरवी आहे, पण किती हिरवी? काच जरा धुरकट वाटतेय. म्हणत म्हणत नळी बेसिनात रिकामी केली आणि खिशात हात घातला.

मी म्हटलं, "अप्पा… बाहेरूनच हं."

"बाहेरूनच," ते म्हणाले. आणि काडी आत गेली.

मी बादली उचलली.